चारशे सतरा नंबरचं पोट

“तुझ्या त्या चारशे सतराकडे काल जाऊन आले गं मी,” सिस्टर ग्वाटिझो म्हणाल्या आणि चहात बुडवलेला पाव गळून पडायच्या आत त्यांनी तोंडात टाकला. “तेराव्या प्रश्नाला हो म्हणालीय ती. तू काही बोलली नाहीस मला.”

शुवाई थंड पेटीत बर्फाच्या पिशव्या रचत होती. हातातली पिशवी तिने आत ठेवली, बाहेर काढली, परत ठेवली. चारशे सतरा म्हणजे एस्नाटी, कुंडाईची आई, फुटक्या गटाराच्या गल्लीत मागच्या खोलीत राहणारी. आणि एस्नाटी काही हो म्हणाली नव्हती. तिला तो प्रश्न या खेपेला कुणी विचारलाच नव्हता. ती तेव्हा मामाच्या मयताला गावी गेली होती, बसने सात तासांवर. हो म्हणाली होती ती शुवाई.

“एकटीला गाठून विचारलंत ना?”

“कुठली एकटी. थोरली नणंद बसली होती ठाण मांडून. म्हटलं, बाई, जरा बाहेर बसता का? तर म्हणते, भावजयीचं काय असेल ते माझ्यासमोर. दार एक, खोली एक. मी आपलं हळू आवाजात विचारलं, पण नणंदांचे कान तुला ठाऊकच आहेत.” सिस्टरांनी कप विसळला आणि पालथा घातला. “आज माहेरी धाडतायत म्हणे तिला. दोनच्या बसने. एका अर्थी बरंच झालं, आईजवळ राहील. मला अजून चाळीस घरं करायचीत.”

बाई वाईट नव्हत्या. चाळीस घरं त्यांना खरोखरच करायची होती. शुवाईने पेटी खांद्याला लावली आणि बाहेर पडली, आणि रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की त्या दिवशी तिला कुठल्याच घरी नमुन्याची नळी आणायला जायचं नव्हतं. पेटी उगाचच घेतली होती. पण परत आत जाऊन ठेवायची तर सिस्टरांनी पुन्हा काही विचारलं असतं. म्हणून ती बर्फ वाहत तशीच चालत राहिली.

कामच तसलं होतं. दवाखान्यामागे पत्र्याचा एक कंटेनर, त्यात फ्रीझर, दोन टेबलं, आणि भिंतीवर आतड्यांचं रंगीत चित्र. हरारेजवळच्या चितुंगविझातल्या दोन वस्त्यांमधल्या पाचशे बायका निवडलेल्या. एका वस्तीत मैला रस्त्यावरून वाहतो, दुसरीत सहसा नाही. दर तीन महिन्यांनी प्रत्येकीकडून एक नळी भरून शी आणायची आणि चौदा प्रश्नांची उत्तरं. गल्लीतली पोरं तिला शीवाली मावशी म्हणत. सुरुवातीला तिला लाज वाटली, मग तीच फोनवर तसं सांगायला लागली, कारण नाव सांगून कुणी ओळखत नसे. बायका विचारत, “काय गं, आमच्यात सोनं सापडतंय का तुम्हाला?” काही जणी मात्र काही न बोलता दार लावून घेत. केस असो, नख असो, अंगातून पडलेलं बाहेरच्याच्या हाती लागलं की त्याचं कोण काय करेल याचा नेम नाही, हे तिथे लहान मूलही जाणतं. शुवाईही जाणत होती, आणि तरी रोज सकाळी पेटी उचलत होती. एस्नाटीने पहिल्याच दिवशी नळी आणून दिली होती, भाजीची जुडी द्यावी इतक्या सहज. नणंद मागून कुरकुरत होती तरी. “बाई चांगली दिसते, देते मी,” एवढंच ती म्हणाली होती. शुवाईला कितीतरी दिवसांत कुणी चांगली म्हटलं नव्हतं.

कामावर घेतलं तेव्हा हरारेहून मोठे डॉक्टर आले होते शिकवायला. ते म्हणाले, माणसाच्या पोटात साऱ्या पृथ्वीवरच्या माणसांपेक्षा जास्त जंतू नांदतात. जंतू म्हटलं की तुम्हाला आजार आठवतो, पण हे घरचे जंतू. तुम्ही खाता त्यावर जगतात आणि त्याच्या बदल्यात काही काही करून वर मेंदूकडे निरोप धाडतात. पाणी घाण झालं, औषधांचा मारा झाला, रोज नुसतं मक्याचं पीठ पोटात गेलं, की घरचे मरतात आणि परके येऊन बसतात. मग, आम्हाला असं वाटतं, अजून सिद्ध झालेलं नाही, पण वाटतं, की माणसाला विचार फार होतात. विचार फार होणं हे तिथे आजाराचंच नाव आहे. चौदांतला पहिला प्रश्न तोच. बाकीच्या मुली भराभर वहीत उतरवत होत्या. शुवाईची पेन्सिल औषधांच्या माऱ्यापाशी अडली ती पुढे सरकलीच नाही. ती भिंतीवरच्या चित्राकडे पाहत राहिली. गुलाबी रंगाचं ते वेटोळं इतकं स्वच्छ काढलं होतं की कुणाच्याही पोटातलं वाटत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत सतरा दिवस नळाला पाणी नव्हतं. बोअरवेलची रांग पहाटेपासून लागे आणि भांडणं होत, म्हणून एका दिवशी तिने शेजारच्या आवारातल्या उथळ विहिरीचं पाणी आणलं. उकळलं नाही. कोळसा थोडा उरला होता आणि तो जेवणाला ठेवायचा होता. क्लोरिनची गोळी होती की नव्हती हे तिला आजही आठवत नाही, आणि तेच ती आठवत बसते. रोज, गेली दोन वर्षं, डबा उघडते, डब्यात बघते, गोळी आहे, गोळी नाही. तिची लेक रुफारो आणि ती एकाच मगातून पाणी प्यायल्या होत्या. आधी रुफारो, मग ती. कॉलऱ्याच्या तंबूत मधोमध भोक पाडलेल्या खाटांवर दोघींना शेजारी शेजारी निजवलं होतं. तिसऱ्या दिवशी रुफारोच्या खाटेवर दुसरंच मूल होतं. रुफारोचं वय तीन वर्षं चार महिने. शुवाई वाचली; तिला गोळ्या दिल्या, मग ताप हटेना म्हणून टायफॉइडच्या दिल्या, मग सुया. घरी आली तेव्हा आतून धुऊन काढलेल्या भांड्यासारखी होती. माझ्या पोटात काही उरलं नाही, असं ती म्हणे, आणि लोकांना वाटे भूक लागलीय, म्हणून ते वाढायला घेत. नवरा जोहान्सबर्गहून दोनदा रडला फोनवर. मग त्याचा नंबर लागेनासा झाला.

म्हणून डॉक्टरांचं ते बोलणं तिला धरून बसलं. घरचे जंतू मेले असतील, एवढंच असेल, असं ती स्वतःला सांगायची. जिभेला कागदाची चव आहे, पहाटे तीनला डोळे उघडतात, बायकांच्या कडेवरची पोरं बघवत नाहीत, हे सगळं आतल्या कुणा बारक्या जिवांच्या मरण्याने होत असेल, आणि त्यात तिचा काही अपराध नसेल. तिने आंबवलेलं दूध आणायला सुरुवात केली. रोज एक वाडगा, औषध घेतल्यासारखा, नाक न मुरडता. तीन महिने. आणि एका सकाळी तिला भूक लागली. खरीखुरी, पोटातून ओरडणारी. तिने ताटभर लापशी खाल्ली, वर आणखी घेतली, आणि रेडिओवर कुणीतरी सासऱ्याची नक्कल करत होतं त्याला ती हसली. आपलं हसणं तिने ऐकलं आणि ताट खाली ठेवलं. दुधाने हे जात असेल तर ते होतं तरी काय? रुफारो होती म्हणजे पोटातली एक कमतरता होती? वाडगाभर आंबट दुधाने भरून येणारी? ती बरी झाली असती तर पोरीचं असं काय राहिलं असतं तिच्याजवळ. फोटो एक होता तोही ओलीने डागाळलेला. त्या दिवसापासून तिने दूध बंद केलं. आठवड्याभरात जीभ पुन्हा कागदाची झाली आणि तिला, सांगायलाही लाज वाटावी असं, हायसं वाटलं.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला? ती तर दुसऱ्यांना विचारत हिंडणारी. टॅब्लेटमध्ये एका बाईचा आवाज भरलेला होता. बटण दाबलं की तो प्रश्न विचारी, म्हणजे शेजारपाजाऱ्यांसमोर शुवाईला तोंडाने विचारायला नको. बायका हो किंवा नाही वर बोट ठेवत. दोनेक हजार वेळा तरी शुवाईने तो आवाज ऐकला असेल, पण तो तिच्याशी कधी बोलत नव्हता. एस्नाटी गावाहून परतायचं नाव घेईना, तिची मुदत सोमवारी संपत होती, आणि शुवाईच्या यादीत आधीच तिघी हरवल्या होत्या. एकीने घर बदललं, एकीला नवऱ्याने मनाई केली, एक गेलीच. चौथी हरवली तर तुझी वस्ती दुसरीला देऊ, असं तिला बजावलं होतं. म्हणून रविवारी दुपारी, चर्चहून आल्यावर, तिने दार लावलं, नळीत स्वतःचंच भरून वर चारशे सतराची चिठ्ठी चिकटवली, आणि टॅब्लेट मांडीवर घेतला. एस्नाटीची मागची उत्तरं तिला पाठ होती. चौदा वेळा नाही. चौदा वेळा बोट टेकवायचं, संपलं. बटण दाबलं. आवाज म्हणाला, गेल्या आठवड्यात कधी विचार फार झाले का? खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तो आवाज इतका समजूतदार आहे हे तिच्या आजवर कसं लक्षात आलं नाही कोण जाणे. तिने हो वर बोट ठेवलं. मग थांबताच येईना. झोप? हो. भूक? हो. कारण नसताना रडू? हो, हो. तेराव्याला, जगणं संपवून टाकावं असं मनात आलं का, या प्रश्नाला, आवाजाने नेहमीसारखं थोडं थांबून घेतलं, आणि तिने हो म्हटलं आणि भिंतीला टेकून बराच वेळ बसली. अंगातून काहीतरी ओझं उतरलं होतं. सकाळी बदलू, असं तिने ठरवलं. पण सकाळी दवाखान्याच्या फाटकाशी टॅब्लेटला नेटवर्क मिळालं आणि तिने पिशवीतून काढायच्या आत सगळं निघून गेलं. तेराव्याला हो आलं की सिस्टर घरी जातात, हा नियम तिला माहीत होता. तिने स्वतःला सांगितलं, त्यांच्याकडे किती घरं, त्या काय जातात. लोक असंच सांगतात स्वतःला.

गल्लीच्या तोंडाशी मैल्याचा ओहोळ नेहमीसारखा वाहत होता, त्यावर विटा टाकलेल्या. पलीकडे बायका भाजीच्या वाफ्यांना पाणी घालत होत्या. विटेवर पाय ठेवता ठेवता शुवाईच्या मनात आलं की आत्ता फ्रीझरमध्ये चारशे सतराची नळी आहे आणि तिच्यात माझी आतडी आहेत. ती उघडतील तेव्हा डॉक्टरांना दिसेल की या बाईच्या पोटातले घरचे जंतू साफ मेलेत आणि हिची उत्तरंही बघा कशी काळीकुट्ट. सगळं जुळेल. त्यांच्या आलेखावर एक ठिपका अगदी रेषेवर जाऊन बसेल. पाचशे बायकांत एवढी खरी नळी दुसरी नसेल, फक्त नाव खोटं. तिला हसू आलं, कोरडंच. खरं सांगितलं की तो ठिपका पुसतील, आणि तिलाही. मग ती सकाळी उठून कुठे जाणार? त्या खोलीत, डब्यापाशी, गोळी आहे की नाही बघत. काम गेलं तर जगता येईल की नाही हा प्रश्न तिने स्वतःला विचारला, आणि तो विचारणारा आवाजही तिला टॅब्लेटमधल्या बाईचाच वाटला.

दाराबाहेर कुंडाईचा बाप उकिडवा बसून चौकड्यांच्या मोठ्या पिशवीची चेन ओढत होता. चेन अडकली होती. त्याने मान वर केली नाही. आत एस्नाटी गुडघ्यांवर बसलेली, डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं, रडून झालेलं. खाटेवर नणंद. तिला घरातले, शेजारचे, सगळे आत्याच म्हणत. शुवाईने खाली बसून तिथल्या रीतीने हलके टाळ्या वाजवत नमस्कार केला. कुंडाई तिला ओळखत होती. ती आली आणि सवयीने तिच्या मांडीवर बसून थंड पेटीचा कडी-कोयंडा उघडायला लागली.

“या, शीवाल्या बाई,” आत्या म्हणाली. “आमच्यातलं अजून काही न्यायचं राहिलंय का?”

“आत्या, मी त्याबद्दलच आले होते.”

“मी तेव्हाच म्हटलं होतं हिला, अंगातलं बाहेर देऊ नकोस. ऐकलं नाही. आता काय परत आलं बघ.”

“मी काही बोललेच नाही हो, आत्या,” एस्नाटी जमिनीकडे बघत म्हणाली. “मी गावी होते तेव्हा.”

“मग सिस्टर कागद घेऊन आली ती खोटी? नंबर तुझा होता की नाही? मयताला गेली होतीस ना? तिथूनच काहीतरी घेऊन आलीस मागे.” मग ती शुवाईकडे वळली आणि तिचा आवाज जरा उतरला, शहाण्या माणसाशी बोलावं तसा. “हे बघा बाई, आम्ही काही हिला हाकलत नाही. स्वयंपाक बरा करते, उलटून बोलत नाही. पण जिच्या मनात मरण आलं तिने ते बापाच्या घरी न्यावं. या छपराखाली काही करून बसली तर हिचे भाऊ दारात येऊन बसतील, प्रेत पुरू देणार नाहीत. आणि हिचा आत्मा आमच्या मुलाबाळांना सुखाने झोपू देईल का? पोरगी राहील इथे. पोरगी आमची.”

“ती अजून पिते, आत्या,” एस्नाटी म्हणाली.

“तीन वर्षांची घोडी झाली. सुटेल.”

शुवाईने कुंडाईच्या डोक्यावर हात ठेवला होता. केसांना खोबरेल नव्हतं, व्हॅसलीनचा वास होता, रुफारोला यायचा तोच, कानामागे जरा जास्त. तिने तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं, “मशीनची चूक असेल. होते कधी कधी.”

“मशीनला मन कळतं का?” आत्या म्हणाली. “कुणीतरी सांगितल्याबिगर त्याला कसं कळलं?”

बाई मूर्ख नव्हती. बाहेर चेन एकदाची लागली, तिचा लांब करकर आवाज आला.

“मी सांगितलं,” शुवाई म्हणाली. “ते माझं आहे. ही गावी होती, मुदत संपत होती, म्हणून मी माझ्या घरी बसून भरलं. उत्तरं माझी, नळीतलंही माझंच. हिचा फक्त नंबर.”

कुंडाईचा बाप दारात येऊन उभा राहिला होता.

“तेरावंही?” आत्याने विचारलं.

“तेरावंही.”

आत्या खाटेवरून उठली. रागावली नव्हती ती. रागावली असती तर शुवाईला सोपं गेलं असतं. ती वाकली आणि चुलीजवळून मूल उचलावं तसं तिने कुंडाईला शुवाईच्या मांडीवरून उचललं. पोरीच्या हातात कडी होती ती सुटेना, तेव्हा आत्याने एक एक बोट सोडवलं. शुवाईच्या मांडीला एकदम हवा लागली. तिला ओरडावंसं वाटलं की मी तिला काही करणार नाही, मी कुणालाच काही करणार नाही, जे करायचं ते मी स्वतःलाच, आणि हे वाक्य आपण मनात पूर्ण केलं याचं तिला भय वाटलं.

“पिशवी आत घे,” आत्या भावाला म्हणाली. मग शुवाईला, “खरं बोललात ते चांगलं केलंत. देव तुम्हाला बरं करो. पण उद्यापासून या दाराशी येऊ नका. लहान मूल आहे घरात.” आणि भावजयीला, “पाहुणीला पोचवून ये. रीत सोडू नकोस.”

पाहुण्याला अर्ध्या वाटेपर्यंत सोडायला जायचं असतं. दोघी विटांवरून पलीकडे गेल्या, एस्नाटी पुढे, शुवाई मागे. एस्नाटीने पेटी मागून घेतली आणि डोक्यावर ठेवली, तीही रीतच. वाफ्यांमधून जाताना ती मागे वळून बघत नव्हती. शुवाईला वाटलं ती रागावली असेल, तसा तिला हक्कच होता. निदान आपण पोरगी तिच्यापाशी ठेवली, एवढं तरी झालं, असं ती मनात धरून चालत होती. दोन वर्षांत प्रथमच आपल्या हातून काही वाचलं, असं तिला वाटायला लागलं होतं. जपून, फार नाही. “माफ कर मला,” ती म्हणाली.

“माफ काय करायचं,” एस्नाटी म्हणाली. चालतच राहिली. “मला काल वाटलं, तुला कळलं कसं?”

“काय कळलं?”

“सिस्टरने कागद वाचला. झोप नाही, भूक नाही, रडू. आणि ते तेरावं. मी ऐकत होते आणि मला वाटत होतं, मी तर दोन्ही वेळेला नाही म्हणाले होते, मग या बाईने माझ्या आतलं वाचलं कसं?” डोक्यावरची पेटी तिने एका हाताने सावरली. “मी खोटं सांगितलं होतं तुला. आत्या भिंतीपलीकडे असायच्या. कुंडाई झाल्यापासून आहे ते. कधी कमी, कधी जास्त.”

शुवाई थांबली. एस्नाटीही थांबली, वळून, पेटी डोक्यावर तशीच. तिच्या चेहऱ्यावर वेगळं काही नव्हतं. दर तीन महिन्यांनी नळी देताना असे तोच चेहरा.

“सिस्टरांशी बोलते मी,” शुवाई म्हणाली. “एकटीला बोलावतील तुला.”

“परत? त्या पुन्हा आल्या तर आत्यांना काय वाटेल? आत्ताच पिशवी आत गेलीय.”

ते खरं होतं. शुवाईने शब्द शोधले, पण जे जे आठवलं ते सगळं कुणीतरी घरी येऊन विचारण्याचं होतं. “मग मला सांग. मी येते. नळी न घेता, कागद न घेता, नुसती येते.”

“तुला आता कोण येऊ देणार?” एस्नाटी म्हणाली. ती हे दुखवायला म्हणाली नाही. बोअरवेल आली होती. तिथे रांगेत बादल्या होत्या, बायका होत्या, म्हणून तिने आवाज खाली आणला. “तुझ्या जागी कोण येईल?”

“दुसरी कुणीतरी मुलगी.”

“चांगली असेल?”

“असेल.”

“तिला मी नाही म्हणेन,” एस्नाटी म्हणाली. “चौदाच्या चौदा.” तिने पेटी उतरवून शुवाईच्या हातात दिली, ओल्या झालेल्या फडक्याने कपाळ पुसलं, आणि कुंडाई रडायच्या आत पोचायला हवं म्हणून भराभर परत निघाली.